टीका पटते, पाटी कोरी करणं पटत नाही

ग्नू हर्ड ही ऑपरेटिंग सिस्टीम पहिल्या ओळीपासून नव्याने लिहायला हवी, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. आज ते नाही. मात्र ज्या कारणांसाठी मी तेव्हा त्या बाजूने भांडत होते, ती सगळी कारणं मला आजही खरी वाटतात. हर्डच्या रचनेत दोष आहेत. त्यातले काही मुळातले आहेत, डागडुजीने जाणारे नाहीत. माझं मत बदललं ते त्यापुढच्या पायरीवर. दोष मुळातले असले की आधीचं सगळं पुसूनच पुढे जाता येतं, हे मला आता पटत नाही.

ज्यांना हा इतिहास ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. युनिक्ससारखी, पण कुणालाही वापरता, वाचता, बदलता आणि वाटता येईल अशी संपूर्ण सिस्टीम उभी करायची होती. कंपायलर, एडिटर, शेल असे एकेक भाग तयार होत गेले. राहिला तो कर्नल, म्हणजे यंत्र आणि बाकीचे प्रोग्राम यांच्यामधला गाभा. तो शून्यातून लिहिण्याऐवजी कार्नेगी मेलन विद्यापीठात घडलेला माक हा मायक्रोकर्नल, म्हणजे अगदी मोजकी कामं स्वतःकडे ठेवणारा छोटा कर्नल, पायाला घ्यायचं ठरलं. त्याचा परवाना मोकळा होण्याची वाट पाहण्यात बराच काळ गेला. १९९० मध्ये हर्डचं काम सुरू झालं. रचनेची मुख्य जबाबदारी थॉमस बुशनेल यांची. पुढच्याच वर्षी लिनस टोरवाल्ड्स यांचा लिनक्स आला, १९९२ मध्ये त्याने ग्नूचाच जीपीएल परवाना स्वीकारला, आणि ग्नूचे तयार भाग त्याच्यावर चालू लागले. बहुतेकजण ही गोष्ट इथेच संपवतात. मला रस आहे तो त्यानंतरच्या वर्षांत.

कारण हर्डने जे देऊ केलं होतं, ते लिनक्सने दिलं नव्हतं. हर्डमध्ये फाइलसिस्टीम, नेटवर्क, प्रोसेसची नोंद ही कामं कर्नलच्या पोटात होत नाहीत. ती साध्या प्रोग्रामकडे असतात आणि असा प्रोग्राम कुणालाही लिहिता येतो, चालवता येतो. त्यातली ट्रान्सलेटरची कल्पना तर मला आजही विलक्षण वाटते. आपल्या डिरेक्टरीतल्या एखाद्या नावाला आपण एक प्रोग्राम जोडायचा. त्या नावाआड काय दिसावं, हे मग तो प्रोग्राम ठरवतो. दूरच्या एफटीपी सर्व्हरवरचा साठा असा जोडला की तो नेहमीच्या डिरेक्टरीसारखा समोर येतो. फाइल कॉपी करणं, शोधणं, वाचणं यासाठी वेगळं काही शिकावं लागत नाही. आणि हे करायला रूटचे, म्हणजे यंत्राच्या मुख्य चालकाचे, अधिकार लागत नाहीत. मी पुण्यात इंजिनिअरिंगला होते तेव्हा लॅबमधल्या यंत्रावर एखादी डिस्क जोडायची तरी कुणाची तरी परवानगी लागायची. हर्डबद्दल वाचलं तेव्हा जाणवलं, की इथे स्वातंत्र्य परवान्याच्या मजकुरावर थांबलेलं नाही, ते यंत्राच्या रचनेत उतरलं आहे. त्या जाणिवेने मला या विषयात ओढलं आणि अजून सोडलेलं नाही.

म्हणूनच हर्डची अवस्था बघून तळमळ व्हायची. सगळ्या दुखण्यांचं मूळ माक आहे, असं आमच्यातल्या बहुतेकांचं निदान होतं. मायक्रोकर्नलवर सगळं काम निरोपांवर चालतं. एक प्रोग्राम दुसऱ्याला निरोप पाठवतो, दुसरा उत्तर देतो. निरोप महाग असला तर सगळंच महाग. योखेन लीटके या जर्मन संशोधकाने १९९३ मध्ये दाखवून दिलं होतं, की नीट आखलेला छोटा कर्नल तोच निरोप माकपेक्षा सुमारे वीसपट वेगाने पोचवू शकतो. त्याच विचारातून त्याचा एल४ जन्मला. इकडे हर्डची फाइलसिस्टीम अख्खं पार्टिशन आपल्या मेमरीच्या पत्त्यांमध्ये मांडून घ्यायची, त्यामुळे ३२ बिटांच्या यंत्रावर पार्टिशन साधारण दोन गिगाबाइटच्या वर नेताच यायचं नाही. ड्रायव्हर लिनक्स २.० च्या काळातले, आणि तेही कर्नलच्या आत चिकटवलेले. म्हणजे ज्या तत्त्वासाठी ही सिस्टीम जन्माला आली, तेच तत्त्व ड्रायव्हरपाशी मोडलेलं होतं.

ही झाली वरची दुखणी. खालची दुखणी नील वॉलफिल्ड आणि मार्कुस ब्रिंकमान यांनी २००७ मध्ये एका निबंधात मांडली. दोघेही हर्डवर वर्षानुवर्षं काम केलेले. ब्रिंकमान यांनी तर १९९८ मध्ये डेबियन या वितरणाचं हर्डवरचं रूप सुरू केलं होतं. त्यांच्या मुद्द्यांपैकी दोन माझ्या मनात कायमचे रुतले. पहिला ट्रान्सलेटरचाच. साध्या युनिक्समध्ये फाइलसिस्टीम कर्नलची असते, म्हणून तिच्यावर डोळे मिटून विसंबता येतं. हर्डमध्ये एखाद्या नावाआड अनोळखी माणसाचा प्रोग्राम बसलेला असू शकतो. त्याने कधीच न संपणारी डिरेक्टरी दाखवली, किंवा उत्तरच दिलं नाही, तर तिथून सहज फिरणारा माझा शोध-प्रोग्राम अडकून पडतो. म्हणजे जी सोय मला सगळ्यात प्रिय, तीच सगळ्यात असुरक्षित.

दुसरा मुद्दा हिशेबाचा. मी फाइलसिस्टीमच्या सर्व्हरकडे काही मागितलं की तो माझ्यासाठी मेमरी खर्च करतो. पण कर्नलला एवढंच दिसतं, की सर्व्हरने खर्च केली. खर्च कुणामुळे झाला याची नोंदच होत नाही. मग एका उधळ्या प्रोग्रामला आवर घालायचा कसा? आणि मेमरी कमी पडली की कुठली पानं बाहेर काढायची हे माक ठरवतो, त्या पानांचा उपयोग काय याची त्याला कल्पना नसताना. ही टीका वाचून माझं मत आणखी घट्ट झालं. इतकं चुकीचं आखलेलं असेल तर ते दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही, पाटी कोरी करा, असं मी भेटेल त्याला सांगत होते.

पाटी कोरी करण्याचे प्रयत्न खरोखर झाले होते, आणि अतिशय समर्थ माणसांनी केले होते. वॉलफिल्ड आणि ब्रिंकमान यांनी हर्ड एल४ वर नेण्याचं काम हाती घेतलं. २००५ च्या सुरुवातीला त्यावर एक साधा प्रोग्राम चालला. पण तोवर एक अडचण पुरती स्पष्ट झाली होती. माकमध्ये एखाद्या सर्व्हरला निरोप पाठवण्याचा हक्क ही स्वतंत्र, कर्नलने राखलेली वस्तू असते. हक्क नसेल तर त्या सर्व्हरपर्यंत पोचताच येत नाही. हर्डची सगळी सुरक्षितता या हक्कांवर उभी आहे. तेव्हाच्या एल४ मध्ये ते नव्हते. ते वरून उभे करायचे तर काम अवघड होतं आणि वेगाचा फायदाही घटतो. ज्या कर्नलसाठी माक सोडायचा, त्यातच माकमधली सगळ्यात मोलाची गोष्ट नव्हती! पुढे एल४ च्या वंशातल्या कर्नलांमध्ये असे हक्क आले. सेल४ या कर्नलचा कोड त्याच्या आराखड्याबरहुकूम चालतो, याची गणिती सिद्धता २००९ मध्ये पूर्ण झाली. पण २००५ मध्ये जो पाया घेऊन हर्ड लिहायची, तो पायाच अजून लिहिला जात होता.

मग नजर जोनाथन शापिरो यांच्या कोयोटॉस या कर्नलकडे वळली. इथे जे घडलं ते मला या साऱ्या इतिहासातलं सगळ्यात मोलाचं वाटतं, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

शापिरो यांच्या रचनेत एक सोय होती. एखादा प्रोग्राम मी दिलेल्या मेमरीत, मी दिलेल्या वेळात चालेल. पण त्याच्या आत काय चाललं आहे हे मला बघता येणार नाही. यामागचा विचार गंभीर आहे. एकमेकांवर पूर्ण विश्वास नसलेल्या दोन पक्षांना एकाच यंत्रावर काम करता यावं, एकाचं गुपित दुसऱ्याला कळू नये, पासवर्ड किंवा चाव्या सांभाळणारा प्रोग्राम बाहेरून फोडता येऊ नये, या सगळ्यासाठी ती सोय कामाची. ब्रिंकमान यांनी २००६ मध्ये तिला तत्त्वाचा विरोध केला. ज्याची साधनं, त्याला ती तपासण्याचा हक्क हवा, ही त्यांची भूमिका. नाहीतर हीच यंत्रणा उद्या गाणी-सिनेमांना कुलपं घालणाऱ्या कंपन्यांच्या हाती जाईल आणि माझ्या यंत्रात मलाच परक्यासारखं वागवलं जाईल. ज्या सिस्टीमचा जन्मच वापरणाऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी झाला, तिच्या गाभ्यात हे बसतं का?

त्याच सुमारास जीपीएलची तिसरी आवृत्ती घडत होती आणि ती २००७ मध्ये आली. तिच्यातही, कोड मोकळा पण यंत्र मात्र बदललेला कोड चालू देत नाही, अशा उपकरणांचा बंदोबस्त होता. तो प्रश्न कायद्याच्या भाषेत सोडवला जात होता, हर्डवाले तो मेमरीच्या पानांच्या भाषेत सोडवायला बसले होते. आज हातातल्या फोनवर एखादं ॲप ‘हे यंत्र विश्वासार्ह नाही’ म्हणून चालायला नकार देतं, तेव्हा मला तो वाद आठवतो. तो झाला कारण कुणीतरी सगळं नव्याने मांडायला घेतलं होतं. चालू कोडमध्ये पॅच लावत बसलेल्यांना हा प्रश्न पडला असता असं मला वाटत नाही. नव्याने लिहिण्याच्या बाजूने आजही सगळ्यात भक्कम मुद्दा मांडायचा तर मी हाच मांडेन.

कोयोटॉसवर हर्ड झाली नाही. वॉलफिल्ड यांनी नंतर व्हिएन्गूस नावाचा स्वतःचा कर्नल लिहायला घेतला, त्यात मेमरीच्या हिशेबाच्या प्रश्नाला थेट हात घातला होता. तेही संशोधनापुरतंच राहिलं. या काळात जुन्या, माकवरच्या हर्डकडे कसं बघितलं जायचं? ती बदलली जाणारच आहे, मग तिच्यावर वेळ कशाला घालवायचा, असं. तिच्यावर काम करणारे हात आधीच मोजके, त्यातले सगळ्यात जाणते नव्या कामात गेलेले, आणि नवीन येणाऱ्याला कुठल्या हर्डसाठी लिहायचं हेच कळेना.

माझं मत एका क्षणात बदललं नाही. ते बदललं पॅच वाचताना. हर्डवर न बांधले जाणारे प्रोग्राम दुरुस्त करण्याच्या कामात मी थोडाफार हात लावला आणि तिथे एकच ओळ पुन्हा पुन्हा भेटू लागली. बहुतेक युनिक्सांमध्ये फाइलच्या पूर्ण पत्त्याच्या लांबीला एक कमाल मर्यादा असते. तिचं नाव पाथ मॅक्स, लिनक्सवर ती ४०९६ बाइट. हर्डमध्ये अशी मर्यादाच नाही, कारण मनमानी मर्यादा घालू नयेत हा ग्नूचा जुना दंडक आहे. पण जगातल्या असंख्य सी प्रोग्रामांनी ती गृहीत धरलेली असते. हर्डवर ते नावच सापडत नाही आणि प्रोग्राम बांधला जात नाही. मग कुणीतरी बसून तो भाग वाचतं, ठरावीक लांबीच्या जागेऐवजी लागेल तेवढी मेमरी मागून घेतं, पॅच मूळ लेखकाकडे पाठवतं, आणि तो पॅच लिनक्सवर, बीएसडीवर, सगळीकडे जातो. हर्ड न वापरणाऱ्यांचे प्रोग्रामही त्यामुळे सुधारतात. असे पॅच शेकड्यांनी आहेत.

ते वाचताना माझ्या लक्षात आलं, की हर्ड म्हणजे माकवरचे काही सर्व्हर एवढंच मी धरून चालले होते. खरी हर्ड त्याहून खूप पसरलेली आहे. तिचा मोठा भाग ग्लिबसी या ग्नूच्या सी लायब्ररीमध्ये आहे, डेबियनच्या पॅकेजांमध्ये आहे, परक्या प्रोग्रामांमध्ये मुरलेल्या या सुधारणांमध्ये आहे. गाभा नवा आखणं हे एका प्रतिभावान माणसाचं काही वर्षांचं काम असेल. पण गाभ्याभोवती जमलेलं हे सगळं कुणी आखलेलं नाही, ते अडचणी भेटतील तसं साठत गेलं आहे. पुसायला घेतलं की सगळ्यात आधी हेच पुसलं जातं, कारण कुठल्याच आराखड्यात ते दिसत नाही.

आणि मग मी ज्या दुखण्यांची यादी घेऊन भांडत होते, ती यादी पुन्हा तपासली. दोन गिगाबाइटची मर्यादा गेली. अख्खं पार्टिशन मांडून घेण्याऐवजी लागेल तेवढाच भाग घेण्याची पद्धत आली आणि त्यासाठी कुणी माक टाकून दिला नाही. नेटवर्कचे ड्रायव्हर कर्नलबाहेर आले, ड्रेस्डेनमधल्या संशोधकांनी एल४ साठी घडवलेल्या डीडीई या आवरणाच्या मदतीने, लिनक्स २.६ चे ड्रायव्हर साध्या प्रोग्रामसारखे चालवून. त्यामागोमाग डिस्कचे ड्रायव्हर. ते नेटबीएसडीकडून आले, रंप नावाच्या थरातून. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन ग्नू/हर्डची नवी आवृत्ती आली. ती ६४ बिटांच्या यंत्रांवर चालते, डिस्कचे ड्रायव्हर कर्नलबाहेर आहेत आणि डेबियनच्या संग्रहातली ७० टक्क्यांहून अधिक पॅकेजं तिच्यासाठी उपलब्ध आहेत. ड्रायव्हर कर्नलबाहेर हवेत, हे १९९० चं मूळ स्वप्न. ते जुन्याच कोडमध्ये, सॅम्युएल तिबो यांच्यासारख्या चिकाटीच्या मोजक्या लोकांच्या हातून, तुकड्यातुकड्याने प्रत्यक्षात आलं. आणि त्यासाठीची सामग्री लिनक्सने, नेटबीएसडीने आणि एल४ च्या संशोधकांनी पुरवली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

लिनक्सबद्दलही हेच म्हणता येईल. एकाहून अधिक प्रोसेसर वापरता यावेत म्हणून १९९६ मध्ये त्यात एक मोठं कुलूप घातलं गेलं. एका वेळी एकाच प्रोसेसरने कर्नलमध्ये शिरायचं, एवढा ढोबळ नियम. ते कुलूप सगळ्यांना नकोसं होतं. ते पूर्णपणे निघालं २०११ मध्ये, एकेका उपविभागातून सोडवत सोडवत. पंधरा वर्षांत लिनक्स एक दिवसही बंद पडला नाही. फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात सल्ला दिला होता, की पहिली आवृत्ती टाकून देण्याची तयारी ठेवूनच कामाला लागा. माझ्या पिढीतल्या अनेकांनी तो तोंडपाठ केला. त्याच पुस्तकाच्या १९९५ च्या आवृत्तीत ब्रुक्स यांनी स्वतःच तो दुरुस्त केला आणि थोडंथोडं बांधत, चालतं ठेवत वाढवण्याची बाजू घेतली. ते पान मी सल्ल्याच्या बऱ्याच नंतर वाचलं.

माझा एक मित्र या बदलाला तडजोड म्हणतो. त्याचं म्हणणं असं, की हिशेबाचा प्रश्न सुटलेला नाही, अनोळखी ट्रान्सलेटरचा प्रश्न सुटलेला नाही, आणि पॅचवर पॅच लावून ते सुटणारही नाहीत. त्याच्या पहिल्या दोन मुद्द्यांशी मी सहमत आहे. नवी सिस्टीम लिहूच नये, असं मी म्हणत नाही. ड्रेस्डेनच्याच परंपरेतून जेनोड निघाली, नव्या नावाने, स्वतःच्या माणसांसह, आणि हिशेबाचा प्रश्न तिच्या रचनेत पहिल्यापासून विचारात घेतलेला आहे. ती उत्तम चालते. पण तिने कुणाला हातातलं काम थांबवायला सांगितलं नाही. मला आक्षेप आहे तो चालत्या प्रकल्पाने स्वतःचं भवितव्य न झालेल्या आवृत्तीच्या नावावर लिहून ठेवण्याला. पगारी कंपनीत माणसांना एका कामावरून दुसऱ्यावर हलवता येतं. स्वेच्छेने काम करणाऱ्याला तुझा आजचा पॅच उद्या फेकला जाणार आहे असं सांगितलं, तर तो नव्या कामावर येत नाही, घरी जातो.

ट्रान्सलेटरच्या प्रश्नावर तर जुन्या कोडमध्ये करण्यासारखं बरंच आहे, असं माझं आता मत आहे. युनिक्समध्ये सार्वजनिक टेम्प डिरेक्टरीत सिम्लिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे नेणारं नाव, ठेवून दुसऱ्याच्या प्रोग्रामला फसवण्याचा प्रकार फार जुना. लिनक्सने २०१२ मध्ये एक छोटा नियम आणला: अशा डिरेक्टरीतली सिम्लिंक तिचा मालक आणि मागणारा एकच असेल, किंवा डिरेक्टरीचा मालकच सिम्लिंकचाही मालक असेल, तरच मानायची. हल्ल्यांचा एक अख्खा वर्ग त्याने बंद झाला. हर्डमध्येही ट्रान्सलेटर माझा किंवा रूटचा नसेल तर माझ्या प्रोग्रामने आपणहून त्यात शिरू नये, असा नियम करता येईल. ही कल्पना हर्डच्या चर्चांमध्ये पूर्वीपासून आहे. सहकाऱ्याने जोडलेली डिरेक्टरी मला आपोआप दिसणार नाही, मुद्दाम परवानगी द्यावी लागेल; तेवढं नुकसान मला मान्य आहे. मित्राला नाही, त्याच्या मते त्याने ट्रान्सलेटरची अर्धी मजा जाते. यावर आमचं अजून चालूच आहे.

हिशेबाचा प्रश्न मात्र अशा नियमाने सुटणार नाही. त्यासाठी माकच्या मेमरी व्यवस्थापनातच हात घालावा लागेल. व्हिएन्गूसमधल्या कोणत्या कल्पना तिथे आणता येतील, आणि त्या आणताना डेबियनची पॅकेजं चालती ठेवता येतील का, हे समजून घेण्यासाठी सध्या मी वॉलफिल्ड यांचे जुने निबंध आणि ग्नू माकचा कोड शेजारी ठेवून वाचते आहे.